बोनसची खूण

हार्क्सलीत जो फार चांगली मोटरसायकल चालवतो, त्याला गाव सोडावं लागतं. शर्यतींच्या लीगचा नियमच तसा आहे. पुढच्या वर्षीच्या संघातल्या सात जणांच्या, सामन्यामागे मिळणाऱ्या गुणांच्या सरासरीची बेरीज चाळीसच्या वर जाता कामा नये. म्हणजे जो सुधारला, त्याच्या हातात हिवाळ्यात नारळ. मठ्ठ चालवणारे मात्र वर्षानुवर्षं टिकतात आणि त्यांना निष्ठावान म्हणतात.

वेरा टॅन्सली हा प्रकार बावीस वर्षं बघत होती. तिच्या मागच्या खोलीत क्लबचा एक परदेशी खेळाडू नेहमी राहायचा. आजवर नऊ झाले. त्यांना जेवू घालायचं, ट्रॅकच्या लाल मातीने माखलेले कपडे धुवायचे (त्या मातीने तिची तीन वॉशिंग मशीन्स खाल्ली होती) आणि नोव्हेंबरात दारातून हात हलवायचा. जीव लावायचा नाही, हे तिने पहिल्या दोघांनंतर ठरवून टाकलं होतं. नवरा मॉरिस गेल्यापासून सरासरी काढायचं त्याचं कामही तिच्याकडे आलं होतं. कंट्रोल बॉक्समधल्या कॉम्प्युटरच्या आधी तिचा आकडा तयार असायचा, म्हणून क्लब चालवणारा गॉर्डन स्पिंक तिलाच विचारायचा.

येप्पे हा दहावा. डेन्मार्कचा, चोवीस वर्षांचा, अबोल. आला तेव्हा चारच्या सरासरीने धडपडायचा. तीन वर्षांत तो सुधारला, ही त्याची चूक. पण तो जेवण झालं की स्वतःची बशी विसळायचा आणि मॉरिसचं बंद पडलेलं घड्याळ त्याने न विचारता दुरुस्त केलं होतं. तो जाऊ नये असं वेराला वाटत होतं. इतकं वाटत होतं, की तिचा तिलाच राग यायचा.

ऑक्टोबरातला शेवटचा सामना आला, तेव्हा तिचं गणित झालेलं होतं. पुढच्या वर्षीच्या बाकी सहा जणांची बेरीज तेहेतीस पॉइंट वीस. म्हणजे येप्पे सहा पॉइंट ऐंशीच्या आत राहायला हवा. म्हणजे आजच्या चार शर्यतींत नऊ गुण चालतील. दहावा मिळाला, की गेला.

समोर वेक्सबरोचा संघ होता, चौदा मैलांवरचे जुने वैरी. हार्क्सलीने सामना लवकरच खिशात घातला. शर्यतीत पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक; येप्पेचे तीन शर्यतींत सात झाले. वेरा खेळाडूंच्या कुंपणापाशी गेली आणि तिने त्याला जवळ बोलावलं.

"सात झालेत तुझे. आणखी दोन चालतील. तीन घेतलेस तर बॅग भरायला लाग."

"म्हणजे दुसरा?"

"दुसरा ये. पहिला यायचं शहाणपण नको करूस."

येप्पेने मान हलवली.

शेवटच्या शर्यतीत त्याच्या जोडीला कॅप्टन लेन कॉर्बी होता. लेन एकोणचाळीसचा. गुडघा गेलेला, आयुष्यातली ही शेवटची शर्यत. मे महिन्यापासून तो एकदाही पहिला आला नव्हता आणि लोकांनी ते मनाला लावून घेणंही सोडलं होतं. सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर गेली आणि लेन सगळ्यांच्या पुढे निघाला. मागे येप्पे. त्याच्या मागे वेक्सबरोचे दोन हिरवे शर्ट.

पहिल्या फेरीला वेरा खूश होती. येप्पे दुसरा होता, सांगितलं तसाच. हिरवे बाहेरून आले की तो बाहेर सरकायचा, आतून आले की आत. पुढे जात नव्हता आणि कुणाला जाऊही देत नव्हता. तिसऱ्या फेरीला तिची पेन्सिल थांबली.

आपल्याच जोडीदाराच्या पाठोपाठ दुसरा आला, तर दोन गुणांवर एक बोनस मिळतो. सरासरीत तो धरतात. बावीस वर्षांत वेराने बोनसच्या खुणा हजारांनी केल्या होत्या. पण लेन पुढे असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. हार्क्सलीत ते कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. मग वेराने मनातल्या मनात वेक्सबरोच्या पोरांची आर्जवं सुरू केली, की बाबांनो, एकाने तरी घुसा. हे आजूबाजूला ऐकू गेलं असतं, तर तिला हाताला धरून बाहेर काढलं असतं.

कुणी घुसलं नाही. लेन पहिला आला आणि हेल्मेट काढून रडला. येप्पेने वेराकडे बघून दोन बोटं वर केली.

तिने कार्यक्रमपत्रिकेवर दोनचा आकडा लिहिला. तेवढ्यात गॉर्डन धापा टाकत आला. "दुसरा ना? नऊ झाले. बसतोय की आपला!"

हो म्हणता आलं असतं. लीगचा सरासरीचा कागद यायला तीन दिवस होते. तीन दिवस का होईना, तो राहिला असता. वेराने दोनच्या डोक्यावर बोनसची बारीक खूण केली.

"दहा, गॉर्डन."

"चुकली असशील तू."

"चुकलेच मी. बेरीज बरोबर आहे."

सकाळी अंड्यांची बशी पुढे ठेवून तिने येप्पेला सांगून टाकलं. दुसरा ये म्हणणारी मीच, बोनस विसरणारीही मीच.

"मिसेस टी, बोनसचे पैसे माझ्या खिशात येतात," तो म्हणाला. "मला माहीत नसेल?"

"मग तिसरा का नाही आलास?"

"मी बाजूला झालो असतो, तर त्या दोघांनी लेनला गिळलं असतं."

वेराने त्याला आणखी एक अंडं वाढलं आणि परसात कपडे वाळत घालायला गेली. तिथे ती रडली. चांगली पाच मिनिटं रडली.

आठवड्याने वेक्सबरोतून फोन आला. त्यांच्या दोघांना चार फेऱ्या अडवून धरणारा कोण, याची त्यांनी चौकशी केली होती. ते वरच्या लीगमध्ये चालले होते. तिथली मर्यादा मोठी, त्यामुळे जागा होती. ट्रॅकशेजारी फ्लॅटही देत होते. येप्पेने सही केली. हार्क्सलीतल्या पबमध्ये त्याचं नाव घेणं बंद झालं.

मार्चमध्ये त्याची व्हॅन वेराच्याच दारात येऊन थांबली.

"खोली आहे का?"

"वेक्सबरोचा माणूस? माझ्या घरात?" वेरा म्हणाली. चादरी तिने आदल्याच दिवशी बदलल्या होत्या आणि गॉर्डनला खोली दिली गेल्याचं कळवलं होतं. "एक सांगून ठेवते. हिरवा शर्ट माझ्या दोरीवर वाळणार नाही."

म्हणून तो शर्ट बाथरूममध्ये, टबाच्या वर वाळायचा. एप्रिल, मे, जून, तीन महिने. जुलैत एका दुपारी छान ऊन पडलं होतं. वेराने तो परसातल्या दोरीवर टाकला, मधोमध, चांगले चार चिमटे लावून. शेजारची डॉट कुंपणावरून बघत राहिली. हा कुणाचा, म्हणून तिने विचारलं.

"आमच्या येप्पेचा," वेरा म्हणाली, आणि बादलीतून मोजे काढायला वाकली.