खंड्याचा निळा

आयुष्यभर मी रंग पाहिले ते परीक्षानळीतले. पोलाद कारखान्याच्या रासायनिक प्रयोगशाळेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर, साठी उलटल्यावर, केक भाजायला शिकलो. शिकलो म्हणणेही धाडसाचेच आहे. वरून काही न लावलेला साधा केक मला बरा जमत असे आणि तो चहाबरोबर संपून जाई, इतकेच. या वयात स्वयंपाकघरात पीठ चाळत उभे राहण्याचा मला संकोच वाटे. त्यामुळे भट्टी लावण्यापूर्वी मी पुढचे दार लोटून घेत असे.

त्या वर्षी जावयांची बदली दूर झाली आणि मुलगी आमच्या नातीला घेऊन हुडको वसाहतीतल्या आमच्या घरी राहायला आली. नात तेव्हा पाच वर्षांची. शाळा नवी, गल्ली नवी. संध्याकाळी गल्लीतली हिंदी बोलणारी मुले खेळत आणि ही फाटकाची कडी धरून आतूनच पाहत राही. मला ते उभे राहणे फार ओळखीचे वाटे. तिच्या वयात मीही तसाच उभा असे, आणि फाटकाबाहेर कसे जायचे हे मला अजूनही नीटसे माहीत नाही. तिला ते काय शिकवणार?

मी तिला सकाळी कोहका गावाकडच्या एका तळ्यापर्यंत फिरायला नेई, एवढेच. तेथे विजेच्या तारेवर एक खंड्या बसलेला असे. चॉकलेटी डोके, पांढरा गळा, लांब लाल चोच. आणि तो पाण्याकडे झेपावला की पाठीवरचा निळा रंग असा उघडे की आम्ही दोघे बोलणे थांबवत असू. मुळात आम्ही बोलत असू ते थोडेच.

नोव्हेंबरात तिचा सहावा वाढदिवस होता. तळ्यावरून परतताना तिने विचारले, "आबा, माझ्या बर्थडेला खंड्याचा केक करशील?"

"करू," मी म्हणालो. विचार करायला वेळ घेतला असता तर कदाचित म्हणालो नसतो.

त्याच संध्याकाळी तिने प्रथमच फाटक स्वतः उघडले. मी खिडकीशी होतो.

"मेरे आबा खंड्या वाला केक बना रहे हैं," तिने मुलांना सांगितले. "पूरा ब्लू."

"खंड्या क्या होता है?"

"पंछी. पंख ब्लू, चोंच लाल."

"ऐसा कोई पंछी नहीं होता," दोन वेण्यांची एक मुलगी तिसरीतल्या अधिकाराने म्हणाली. "झूठ बोलती है."

"आओगे तो दिखेगा," नात म्हणाली आणि आत येऊन तिने कडी लावली.

आता केक गोड होणे पुरेसे नव्हते. तो पाहून गल्लीने खंड्या मान्य करायला हवा होता. नाहीतर ही मुलगी खोटी ठरणार होती, आणि त्या कडीमागून तिला पुन्हा बाहेर काढणे माझ्या शक्तीबाहेरचे होते.

पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात बेकरीचे सामान विकणारे एक दुकान आहे. तेथे निळ्या रंगाची जेलची बाटली घेतली, लाल रंगाची घेतली. दुकानदार म्हणाला, "अंकल, बूँद-बूँद डालना." थेंब मोजणे हा तर माझा व्यवसायच होता, म्हणून मी जरा निर्धास्त घरी आलो.

वाढदिवस रविवारी, शुक्रवारी मी कामाला लागलो. लोणी आणि साखर फेटून जे मऊ मलईसारखे आयसिंग होते, त्यात रंग मिसळायचा असतो. प्रयोगशाळेत कोणताही पदार्थ आधी पाण्यात विरघळवून घेण्याची सवय असल्याने मी जेलचे चार थेंब अर्धी वाटी पाण्यात विरघळवले आणि ते सुंदर निळे द्रावण आयसिंगमध्ये ओतले. दोन मिनिटांत ते फाटले. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या एकीकडे आणि निळे पाणी दुसरीकडे.

दुसऱ्या घाण्याला रंग थेट घातला. आयसिंग फाटले नाही, मात्र निळेही झाले नाही. बाजारातले लोणी पिवळे, त्यात निळा गेला. पुढचे शाळेतल्या मुलालाही सांगता आले असते. अधिक थेंब घातले तसा हिरवा अधिक गडद झाला. शिवाय ते लोणी मिठाचे होते, हे चाखल्यावर कळले.

नात शाळेतून आली आणि तिने भांड्यात डोकावून पाहिले.

"आबा, हा तर मिट्ठू आहे," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून, "मिट्ठू पण चांगला असतो," असेही म्हणाली.

ते दुसरे वाक्य मला अधिक लागले.

शनिवारी दुपारी पत्नी ओट्याशी आली. ती भंडाऱ्याकडची आहे आणि तिच्या बोलण्याला अजून तिकडचीच धार आहे.

"कावून तोंड पाडून बसले? सारी जिंदगी लोखंड तपासलं, अन् आता लोण्यानं हरवलं तुमाले?"

"लोणी पिवळं आहे," मी म्हणालो.

"दुकानाचंच पिवळं राह्यते. म्हशीच्या दुधाचं घरचं लोणी कसं असते, माहीत नाही का तुमाले? रोज तर पोळीवर घेता."

तिने फ्रिजमधून आठवड्याच्या सायीचा डबा काढला. ती साय रविवारी तुपासाठी ठेवलेली होती, हे मला ठाऊक होते.

"मग तूप राहील," मी म्हणालो.

"राहीन तर राहीन. पोरीचा बर्थडे रोज येते का?"

तिने ताक केले, लोण्याचा गोळा तीनदा थंड पाण्याने धुतला आणि मलमलच्या फडक्यात घट्ट पिळून त्यातले उरलेसुरले पाणी काढले. ते लोणी चुन्यासारखे पांढरे होते. इतकी वर्षे माझ्या ताटात येऊनही मी ते कधी पाहिलेच नव्हते, असे मला वाटले.

साखर घालून फेटल्यावर मी ते सात वाट्यांत थोडे थोडे घेतले, प्रत्येकीत एकेक थेंब वाढवत नेला आणि वाटीखाली आकड्याची चिठ्ठी ठेवली.

"हे काय वाट्यायचं प्रदर्शन मांडून ठेवलं?" पत्नीने विचारले.

सातवी वाटीसुद्धा आकाशी दिसत होती, खंड्या काही दिसत नव्हता. मी बाटली पुन्हा उचलली तेव्हा तिने मनगट धरले.

"थांबा जरा. मेंदी काढली का लगेच रंगते? झाकून ठेवा, अन् सकाळी पाहा."

प्रयोगशाळेत नमुन्याचा निकाल तत्काळ द्यावा लागे. झाकून ठेवून वाट पाहणे मला कोणी शिकवले नव्हते. तरी सातव्या वाटीच्या प्रमाणात सगळे आयसिंग रंगवून मी झाकले. चोचीच्या लालात चिमूटभर कोको घातला, कारण नुसता लाल गुलाबीवर अडला होता.

रविवारी सकाळी झाकण काढले. तो निळा होता. तारेवरून झेपावतानाचा, तोच. पक्ष्याचा आकार मला तितकासा साधला नाही. शेपूट आखूड झाली आणि पोट जरा सुखवस्तू दिसू लागले. पाठ मात्र निर्दोष होती.

संध्याकाळी नऊ मुले आली. मी केक टेबलावर आणला. दोन वेण्यांची मुलगी सर्वांत पुढे आली, वाकली आणि तिने पाठीपासून चोचीपर्यंत नीट तपासणी केली.

"ये तो मैंने देखा है," ती म्हणाली. "हमारे स्कूल के पीछे बैठता है. इसका नाम खंड्या है?"

"मैंने बोला था ना," नात म्हणाली.

"मोटा है थोड़ा."

"खाता है ना मछली. तू भी मोटी हो जाएगी."

आता बिनसणार, असे मला वाटले. वेण्यांची मुलगी मोठ्याने हसली आणि तिने पंखाचा तुकडा मागितला.

पुढच्या पाच मिनिटांत पक्षी उरला नाही. मग कोणीतरी कोणाची तरी जीभ पाहिली. नातीची धरून दहाच्या दहा जिभा गडद निळ्या झाल्या होत्या. सगळी फौज बाथरूममधल्या आरशाकडे धावली. मी दाराशी जाऊन पाहिले, तर नात मधोमध होती. वेण्यांच्या मुलीच्या खांद्यावर हात टाकून, तोंड उघडून, कोणाची जीभ जास्त निळी यावर ती हिंदीत तावातावाने भांडत होती. तिने आरशात मला पाहिले असावे. पण तिला वेळ नव्हता.

मग ती सगळी तशीच जिभा दाखवत गल्लीत पळाली. फाटक उघडेच राहिले. पत्नी म्हणाली, "लावा ते, गाय येईन आत." मी म्हणालो, "येऊ दे," आणि पायरीवर बसून राहिलो.