ऑब्जेक्ट मॅडम आणि आमटीतलं मीठ

कॉम्प्युटरच्या क्लासला जावा शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना बीडमध्ये सगळे ऑब्जेक्ट मॅडम म्हणत. जावात प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, म्हणून हाताला लागेल ती वस्तू उचलून त्या विचारायच्या, "याला काय माहीत आहे? आणि याला काय करता येतं?" खडू, डबा, एकदा तर स्वतःची चप्पल. चपलेला काय माहीत असणार, कपाळ! मॅडम म्हणाल्या, तिचा नंबर. आणि करता काय येतं, तर तुटता येतं. मी मान डोलवली, पण मनात म्हटलं, आपलं काही खरं नाही.

क्लास साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. मी मांजरसुंब्याहून यायचे आणि फळ्यावरचं नुसतं उतरवून न्यायचे. वडिलांनी बजावलं होतं, यंदा पुण्यात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर स्थळं बघायला घेतो. स्थळांपेक्षा जावा बरी, एवढंच मला पक्कं कळलं होतं.

सगळ्यात मोठा घोळ जावातल्या प्रायव्हेट या शब्दाने घातला. ऑब्जेक्टच्या आतल्या माहितीला बाहेरच्याने थेट हात लावायचा नाही, मेथडला, म्हणजे ऑब्जेक्टला जे करता येतं त्याला, सांगायचं. "ढाब्यावर आपण वेटरला सांगतो. भटारखान्यात शिरतो का?" सगळे नाही म्हणाले. पण मांजरसुंब्याला एक ढाबा आमचाच, आणि तिथे जो तो शिरतो. ड्रायव्हर येतात, पातेल्याचं झाकण उचलतात, चव घेतात, लागेल ते मीठ-तिखट घालतात. वडील म्हणत, "कावून अडवायचं? घरचेच हाईत." मग आमची आमटी प्रायव्हेट की पब्लिक? मॅडमना विचारलं, तर त्याच विचारात पडल्या आणि म्हणाल्या, बघून सांगते.

आणि खरंच आल्या की! एका रविवारी आपल्या आईला घेऊन जेवायला आल्या आणि तडक भटारखान्यात. आचारी सरपण आणायला गेला होता. मॅडमनी आमटी चाखली, अळणी लागली, मूठभर मीठ घातलं नि बाहेर येऊन बसल्या. आचारी परतला आणि त्यानेही आपलं रोजचं मीठ घातलं. पहिल्याच घासाला सगळी गिऱ्हाइकं पाणी मागायला लागली. वडील आचाऱ्यावर धावून गेले. तो बिचारा आईची शपथ घेऊन सांगत होता, एकदाच घातलंय. मॅडम लाजून उठल्या आणि आधीचं मीठ आपण घातल्याचं त्यांनीच सांगून टाकलं.

"मॅडम, हे प्रायव्हेट नव्हतं का?" मी हळूच विचारलं.

त्यांनी आत जाऊन पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "झाकण कशाला असतं, कळलं आता?"

कळलं! आयुष्यात पहिल्यांदा जावामधलं काहीतरी कळलं.

पुण्याच्या मुलाखतीत नेमका प्रायव्हेटचाच प्रश्न आला. पाठ केलेली व्याख्या घाबरून विसरले, म्हणून आमटी सांगितली. साहेब हसले आणि मला नोकरी मिळाली.

मॅडमना फोन केला. तोवर क्लास बंद पडला होता, त्या लातूरला गेल्या होत्या. मी म्हटलं, तुमच्यामुळे माझं आयुष्य मार्गी लागलं. त्या म्हणाल्या,

"खरं सांगू का? मलाही त्याच दिवशी कळलं. तोवर पुस्तकातलं वाचून दाखवत होते. जावातलं ते स्टॅटिक मात्र अजून न्हाई कळलं बघ. तुला कळलं तर फोन कर."

मी अजून फोन केलेला नाही.