खिंडीपर्यंत पोचलेली शपथ

सोलापूरच्या माणसाला बर्फाची माहिती ती किती असणार? उन्हाळ्यात लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी बाजारात यायची, ती फोडून सरबतात घालायची, एवढाच आमचा नि बर्फाचा संबंध. तरी एका थंडीत त्या बर्फाने माझी जी झोप उडवली, ती पुढे कशानेही उडाली नाही.

आमचे हे तारखात्यात होते. नाव घेत नाही. तेव्हाही घेत नव्हते, आता या वयात कशाला सवय मोडू? कुर्डुवाडीला तारबाबू म्हणून लागले, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच बदली झाली ती थेट काश्मीरच्याही पलीकडे, एका खिंडीच्या पायथ्याला. तिथे लाकडाची एक चौकी. खिंडीवरून पलीकडच्या चौकीपर्यंत तार गेलेली. बर्फाने ती तुटली की हुडकून जोडायची, हे काम. सोबतीला तिथलाच एक म्हातारा लाइनमन.

पत्रं यायची ती सासूबाईंच्या नावाने. वाचायची मी, उत्तर लिहायचीही मी, पण मजकूर सगळा त्यांचा. बायकोने नवऱ्याला आपलं म्हणून एक वाक्य लिहावं, अशी आमच्याकडे रीत नव्हती. शेवटचं 'सर्व खुशाल' तेवढं माझ्या मनाचं असायचं, आणि तेही खोटं असायचं.

पौषात पत्र आलं. 'आम्ही अंधारातच निघतो. थंडी अशी की मिशीवर श्वास गोठतो,' एवढंच त्यात होतं. का निघतो ते नव्हतं. सासूबाई सांगोल्याकडच्या. थंडीच्या दिवसांत ऊन वर आल्याशिवाय मेंढरंसुद्धा बाहेर काढायची नाहीत, अशा घरात वाढलेल्या. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "लिव. ऊन पडल्याबिगर पाय भाईर टाकलास तर तुला माज्या गळ्याची शपथ हाय."

मी लिहिलं. खरं सांगायचं तर खुशीने लिहिलं, कारण मलाही तेच म्हणायचं होतं आणि शपथ घालायचा हक्क मला नव्हता. अक्षर चांगलं ठसठशीत काढलं.

त्या घरात शपथ म्हणजे थट्टा नव्हती. आईने घातलेल्या शपथेपायी मामंजींनी ऐन तिशीत तंबाखू सोडली, ती मरेपर्यंत तोंडात घातली नाही. हे तर त्यांचेच चिरंजीव.

काही दिवसांनी दुसरं पत्र आलं. आमचं पत्र पोचण्याआधीच ते तिकडून निघालं होतं. मी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागले. 'अंधारात निघतो ते हौसेने नाही. रात्रभर गारठून बर्फ घट्ट होतो, तेव्हाच त्यावरून चालता येतं. ऊन लागलं की वरचा थर सुटतो आणि अख्खा उतार खाली येतो. त्याखाली सापडलेला माणूस उन्हाळ्यात मिळतो. म्हातारा म्हणतो, उतारावर ऊन यायच्या आत आपण चौकीत पाहिजे.'

'ऊन लागलं की' इथे मी मोठ्याने वाचायचं थांबले आणि पुढचं मनातच वाचलं. सासूबाई म्हणाल्या, "पुडं?" मी म्हटलं, "सर्व खुशाल." आणि पत्र घडी घालून कमरेला खोचलं.

दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. आईची शपथ मोडायची नाही म्हणून हे भर उन्हात त्या उतारावर निघालेले मला दिसत होते. शपथ त्यांची, पण अक्षर माझं. सासूबाईंना सांगावं तर त्या हाय खातील, न सांगावं तर ती शपथ सोडवणार कोण? जिने घातली तिनेच सोडवायची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोबरेल गोठलं होतं. मी वाटी तशीच उचलली, तुळशीकट्ट्यावर उन्हात तिरकी करून ठेवली आणि सासूबाईंना हाक मारली. "आत्याबाई, हे जरा बघा." त्यांना वाटलं असेल, सुनेचं डोकं फिरलं. पण बसल्या. थोड्या वेळाने वाटीच्या कडेचं तेल सुटलं आणि पांढरी चकती सरकन घसरून कट्ट्यावर आली. मग मी पत्र काढून वाचलं, या खेपेला पुरतं.

त्यांनी चकती बोटाने परत वाटीत सारली. "मंजी म्याच त्येला उनात काडला," त्या म्हणाल्या.

"आपण दोघींनी," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. तुळशीला पाणी घालून तीनदा "सुटली" म्हणाल्या, लुगड्याने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता तितं कळवाय नगं? चल तार करू. आन तुजंबी काय आसंल तर घाल त्यात."

तारमास्तरांनी पत्ता बघून मान हलवली. "यांच्यापर्यंत जाईल. पण खिंडीपलीकडे तार बंद आहे, चार दिवस झाले. पलीकडच्या चौकीत दोन माणसं अडकलीत म्हणतात." ते दोघे मी ऐकले आणि सोडून दिले. मला एकाचंच पडलं होतं.

मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहायचा होता. ती अक्षरं मला वडिलांनी शिकवली होती. 'शपथ सुटली. आई.' एवढं लिहून मी थांबले. लग्नानंतर नवऱ्याला माझं असं पहिलं वाक्य, आणि समोर परका माणूस हात पुढे करून उभा. मी लिहिलं, 'पहाटे निघा.'

मग वाट बघणं. पहाटेचा गिरणीचा भोंगा झाला की आम्ही दोघी उठून बसायचो. आता निघाले असतील, असं कुणीच बोलायचं नाही. ऊन तुळशीवर आलं की सासूबाई देवापुढे जाऊन उभ्या राहायच्या. सहाव्या दिवशी तार आली. 'तार जोडली. सुखरूप.' त्या दिवशी सासूबाईंनी पुरण घातलं आणि मला भरल्या घरात रडायची मुभा दिली.

चैत्रात हे रजेवर आले तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. आईला सांगितलं, दगड पडला. मला खरं सांगितलं. शपथेमुळे पहाटे निघता येईना आणि ऊन आल्यावर म्हातारा निघू देईना, म्हणून ते चौकीतच शेगडीपाशी बसून होते. "तुझी तार आली आणि निघालो," ते म्हणाले. बोटं त्याच पहाटे थंडीने गेली.

म्हणजे जिला मी काळ समजत होते, त्या शपथेने त्यांना चौकीत बसवलं होतं. बर्फावर घातलं ते मी. मला त्या पायाकडे बघवेना. पाणी द्यायची ती बाजूने द्यायची.

पुढे बदली परत कुर्डुवाडीला झाली. थंडीत तो पाय ठणकायचा. हे सुट्टीला आले की सासूबाई तेल चोळायच्या. एकदा सकाळी चुलीपाशी तेल कोमट करता करता त्या हळूच म्हणाल्या, "दगुड काय नेमकी दोनच बोटं मोजून नेतो व्हय गं? खरं काय ते सांग."

मी सगळं सांगितलं. म्हटलं, "मी 'निघा' लिहिलं नसतं, तर पाय धड राहिला असता."

"आन पलीकडं अडकल्याली ती दोगं?"

"दाणापाणी संपत आलं होतं त्यांचं. तार जोडल्यावर ह्यांनी बर्फ कोणत्या पहाटे घट्ट आहे ते कळवलं. मग ते दोघे चालत इकडे आले."

त्यांनी तेलाची वाटी चुलीवरून उतरवली. "त्येंच्याबी आया कुटंतरी वाट बगत आसतील की," त्या म्हणाल्या. "म्या माज्या एकट्याचंच बगिटलं."

हे अंगणात उन्हात पाय पसरून बसले होते. सासूबाईंनी वाटी माझ्या हातात दिली. "जा. आज तू चोळ."