माजिवड्याची जोडी आणि दहाचा ठोका

कचेरीत धूळ आणि किस्से या दोन गोष्टी न मागता जमतात. धूळ निदान दिवाळीच्या आधी एकदा झाडतात! किस्से कोण झाडणार? मी त्या वेळी ठाण्याच्या कचेरीत बारनिशी कारकून होतो. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या वहीत चढायचा, आणि आतली प्रत्येक भानगड माझ्या कानावर यायची. त्यामुळे चार मित्र बसले की मलाच म्हणतात, "सांगा हो तुमच्या त्या बैलांचं." मग मीही आढेवेढे घेत नाही.

बैल माझे नव्हेत, विनायकरावांचे. म्हणजे तेव्हा त्यांचेही नव्हते. तोच तर सगळा घोळ!

विनायकराव आमच्यातले सगळ्यात हुशार कारकून. अक्षर सुरेख, कायदा तोंडपाठ. अव्वल कारकुनाची जागा दोन महिने रिकामी होती आणि ती विनायकरावांनाच मिळणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. सगळे म्हणजे गणपतराव सोडून. त्यांचा स्वतःचाच त्या जागेवर डोळा होता.

अडचण एकच. विनायकराव राहायचे माजिवड्याला, आणि त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू. चालत येणं शक्य नाही. घरची गाडी होती, पण जोडी म्हातारी. त्यातला एक बैल उथळसरच्या अलीकडे रोज एका ठरावीक जागी बसकण मारायचा आणि मनाला येईल तेव्हा उठायचा. नव्या साहेबाचा नियम तर कडक, दहाचा ठोका पडला की मस्टर बंद! विनायकराव दोनदा उशिरा आलेले. साहेबाने शिरस्तेदार भाऊसाहेबांना सांगून टाकलं, "तिसरी वेळ झाली तर जागा गणपतरावांना."

नेमकं त्याच सुमारास माजिवड्याच्या इनासने आपली जोडी विकायला काढली. शेंदऱ्या आणि वाऱ्या! आंबिवलीच्या माळावर शर्यतीत त्या दोघांच्या पुढे कुणी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सोबत एक हलकी, दोन माणसांची दमणी. विनायकराव बघून आले आणि दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना. शर्यतीचे बैल रोज कचेरीला जायला घ्यावेत की घेऊ नयेत?

*

आता दुसरा कुणी असता तर बायकोला विचारता, फार तर शेजाऱ्याला. विनायकराव पडले कारकून. त्यांनी फुलस्केप कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि वर लिहिलं, "विषय: शर्यतीचे बैल नित्य उपयोगासाठी घ्यावेत किंवा कसे." आणि प्रकरण आमच्याकडे अभिप्रायासाठी फिरवलं!

गणपतरावांनी लिहिलं, "बैल धावणारे, मालक लंगडणारे. मेळ दिसत नाही." मी लिहिलं, "वेग मान्य. मात्र मालकाचे पोट पाहता गाडी एका अंगाला कलण्याचा संभव." भाऊसाहेबांनी सवयीने सही ठोकली, "पाहिले. वर पाठवावे."

पट्टेवाल्याने ते खरोखरच वर पाठवलं! संध्याकाळच्या गठ्ठ्यात बैल थेट साहेबाच्या टेबलावर. आम्ही सगळे गारठलो. साहेब मराठी वाचत असे, पण सगळं वाचत नसे. दुसऱ्या दिवशी प्रकरण खाली आलं. त्यावर साहेबाच्या हातचा शेरा होता, "जागेवर जाऊन पाहणी करावी."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "हुकूम म्हणजे हुकूम. चला माजिवड्याला!"

*

आम्ही पाच जण दौत-लेखणीसकट इनासच्या अंगणात उतरलो. इनास म्हणजे गावातला जुना किरिस्ताव शेतकरी, गळ्यात क्रूस, डोक्याला लाल रुमाल, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. म्हणून तर जोडी विकायची होती.

गणपतरावांनी बैलांचे दात मोजले. भाऊसाहेबांनी शिंगांची लांबी सांगितली, मी लिहून घेतली. रंग, वय, खुणा, शेपटीचा गोंडा, सगळं चढलं कागदावर. वर पंचांच्या सह्या! इनास बाजेवर बसून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "अवो राव, येवढे कागद माज्या लग्नाला पन नव्हते!"

मग त्याने आपली अट सांगितली. "चाबूक मारायचा नाय. आन विटा वाहून न्यायला तर मी देनारच नाय. आठ दिवस घेऊन जा. पटले तर ठेवा, नाय तर माजे मना परत."

आठ दिवस पसंतीवर! विनायकरावांनी कासरा हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. चाळिशीचा माणूस, पण मुंजीतल्या बटूसारखा खुलला होता.

*

पहिल्या दिवशी दमणी कचेरीसमोर आली साडेनऊला. आली आणि गेली!

झालं असं की, शर्यतीच्या बैलांना एकच शिकवलेलं असतं. गर्दीचा आरडाओरडा आला की शर्यत संपली, थांबायचं. गर्दी नाही तर थांबणं नाही. कचेरीच्या फाटकाशी त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. विनायकराव कासरा ओढतायत, ओरडतायत, आणि बैल मासुंदा तळ्याला वळसा घालून थेट भाजीबाजारात. तिथे ऐन गर्दीत, वांग्यांच्या ढिगासमोर शांतपणे उभे राहिले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या म्हणे!

कसेबसे दहाला पाच मिनिटं असताना विनायकराव बैलांना हाताने धरून, लंगडत कचेरीत आले. त्यांच्या खांद्यावर मेथीची जुडी होती, ती कशी आली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरवलं. आपल्या माणसाची जागा जाता कामा नये! पावणेदहाला सगळी कचेरी फाटकात उभी. दमणीची धूळ दिसली की आम्ही एका सुरात ओरडायचो, "आले रे आले! हो हो हो!" भाऊसाहेबसुद्धा उपरणं फिरवायचे. बैल बरोबर फाटकात थांबायचे.

याचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता. बैल थांबवायला म्हणून सगळी कचेरी रोज पावणेदहाला हजर! आठवड्याअखेर साहेबाने भाऊसाहेबांना बोलावून सांगितलं, "इतके वक्तशीर लोक मी सबंध इलाख्यात पाहिले नाहीत."

*

गणपतराव मात्र फाटकात ओरडायला यायचे नाहीत. "रोजच्या जाण्यायेण्याला असलं जनावर नको," हे त्यांचं पालुपद. पाचव्या दिवशी त्यांचाच पाय मुरगळला! ते राहायचे उथळसरला, विनायकरावांच्या वाटेवरच. निरोप आला, "मला जाता जाता घ्या."

सकाळी गणपतराव रस्त्याच्या कडेला हात वर करून उभे. एकटे! एका माणसासाठी बैल कसले थांबतायत? दमणी समोरून भर्रकन गेली. विनायकरावांनी वळून ओरडून सांगितलं, "माणसं जमवा, गणपतराव, माणसं!"

सहाव्या दिवशी उथळसरच्या रस्त्यावर गणपतरावांची बायको, आई, चार मुलं, न्हावी, पुजारी आणि समोरचा तेली, सगळे उभे राहून "हो हो हो" करत होते. एका कारकुनाला कचेरीत पाठवायला अर्धी आळी रस्त्यावर! दमणी थांबली. गणपतराव चढताना एवढंच म्हणाले, "गादी बरी आहे."

*

इनास मधे एकदा कचेरीत येऊन गेला. विनायकरावांना वाटलं, बैलांच्या काळजीने आला असेल. म्हणाले, "बैल अगदी मजेत आहेत हं इनासबाबा."

इनास म्हणाला, "बैलांचं मना ठावं हाय. तुमी बरे हाव ना?"

*

खरा विरोध घरातून होता. विनायकरावांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनींचं म्हणणं, आपण कारकून माणसं, लोक हसतील. "शर्यतीचे बैल दारात बांधायचे म्हणजे घराण्याला शोभणार आहे का?" एकीकडे जागा जाण्याची भीती, एकीकडे बायको आणि जग. सातवा दिवस उजाडला तरी माणसाचं काही ठरेना.

त्या दिवशी वहिनींना ठाण्यात हळदीकुंकवाला जायचं होतं. म्हातारी जोडी गेली होती शेतावर. झक मारत दमणीत बसल्या. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हाताने दांडा घट्ट धरलेला, डोळे मिटलेले. वाटेत एका टांगेवाल्याने मागून येऊन घोडा बरोबरीला आणला. बायकामाणूस गाडीत म्हणून विनायकरावांनी कासरा जोर लावून ओढून धरला आणि टांगा पुढे जाऊ दिला. बैलांनी त्या अपमानाने नुसती मुंडी हलवली.

वहिनी ठाण्यात उतरल्या, केस सारखे केले, एक शब्द न बोलता आत गेल्या. घरी आल्या, दिवा लावला, पानं वाढली. विनायकराव खाली मान घालून भात कालवत होते. आता पुरतीच हजेरी घेतली जाणार, याची त्यांना खात्री होती.

वहिनी म्हणाल्या, "त्या मेल्या टांग्याला इकडून उगाच पुढे जाऊ दिलं!"

*

आठवा दिवस. संध्याकाळी इनासला हो किंवा नाही सांगायचं होतं. मी आदल्या रात्री जेवणं उरकल्यावर विनायकरावांकडे गेलेलो, तिथेच राहिलेलो, म्हणून सकाळी त्यांच्या शेजारी दमणीत मीच होतो. हे ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

निघताना चाकाची खीळ सापडेना. शोधाशोधीत अर्धा तास गेला. निघालो तेव्हा दहाला जेमतेम वीस मिनिटं. विनायकराव घामाघूम. "आज तिसरी वेळ," एवढंच पुटपुटत होते. पण शेंदऱ्या आणि वाऱ्या असे निघाले की मला वाटलं, पोचतो आपण!

वळण घेतलं आणि समोर साहेबाची बग्गी.

साहेब रोज सकाळी घोडबंदरच्या रस्त्याने फेरफटका मारून कचेरीत यायचा. त्या दिवशी त्यालाही उशीर झालेला दिसत होता, पण घोडा आपला रमतगमत चाललेला. साहेबाच्या पुढे गाडी काढू नये, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती! बग्गी दिसली की लोक आपली गाडी रस्त्याखाली उतरवून उभे राहायचे.

मी म्हटलं, "विनायकराव, मागेच राहा."

"मागे राहिलो तर दहा वाजतात."

"अहो, साहेबालाही उशीरच होणार की!"

"मस्टर भाऊसाहेब बंद करतात," विनायकराव म्हणाले. "आणि साहेबाचं नाव मस्टरवर नसतं."

बैल कासऱ्याला हिसके देत होते. पुढे गेलो तर उद्धटपणा, मागे राहिलो तर जागा गेली. मग विनायकरावांनी पगडी घट्ट दाबली आणि कासरा ढिला सोडला.

पुढचं काय सांगू! बग्गीच्या बरोबरीला आलो तेव्हा विनायकराव अधू पायावर अर्धे उठून उभे राहिले आणि वाकून म्हणाले, "सलाम, साहेब!" साहेबाचं तोंड उघडंच राहिलं. आम्ही पुढे! मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. दोन ओळी म्हटल्या असतील नसतील, मागून चाबकाचा आवाज आला. वळून बघतो तर साहेब बग्गीत उभा, टोपी मागे ढकललेली, घोडा चौखूर उधळलेला, आणि तो आमच्या मागे!

उथळसर कधी गेलं कळलं नाही. गणपतराव त्या दिवशी आमची वाट बघून आधीच टांग्याने गेले होते, नाही तर त्यांचे घरचे पुन्हा एकदा ओरडलेच असते. कचेरी दिसली. फाटकात आमची मंडळी. त्यांना आधी आम्ही दिसलो, मग मागचा साहेब! त्यांचे चेहरे पांढरे पडले. पण ओरडावं तर साहेबाच्या देखत, न ओरडावं तर बैल भाजीबाजारात! भाऊसाहेबांनी एकदा आभाळाकडे बघितलं आणि उपरणं फिरवलं, "हो हो हो!" मग सगळी कचेरी जीव खाऊन ओरडली.

बैल थांबले. विनायकराव उतरले, लंगडत आत धावले, लेखणी बुडवून सही केली. ठोके पडायला लागले तेव्हा शाई ओली होती.

मग साहेब आत आला. मिशांपर्यंत धूळ, एका हातात घड्याळ. आम्ही सगळे उभे. त्याने मस्टर मागवलं, शेवटच्या सहीवर बोट ठेवलं, बोटाला लागलेली शाई बघितली, आणि मस्टर मिटलं. तसाच चालत तो विनायकरावांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"अव्वल कारकून," साहेब म्हणाला.

गणपतराव एक पाऊल पुढे आले होते, ते हळूच मागे सरकले.

"बैल विकणार काय?"

बैल घ्यावेत की नाही यावर ज्या माणसाने सगळ्या कचेरीचा अभिप्राय घेतला, त्याने त्या वेळी कुणाकडेही बघितलं नाही.

"नाही, साहेब," विनायकराव म्हणाले. "घरचे आहेत."