आबांचा तो प्रसिद्ध विराम

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, रहिमतपूर-कोरेगाव भागात ‘हजार अभंग तोंडपाठ असलेले बुवा’ म्हणत. हजार! आबांना बाजारातून आणायच्या चार वस्तू पाठ राहत नसत. चहापूड, गूळ, काडेपेटी आणि... चौथी विसरली म्हणून आईची बोलणी खायची, हा दर आठवड्याचा कार्यक्रम. अभंग पाठ होते ते आईला.

आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खणात, दर गुरुवारी संध्याकाळी भजन बसायचं. तिथं पुरुष, टाळ, मृदंग, पेटी. बायका आत माजघरात. बायकांनी भजनाला पुरुषांत बसायचं नाही, हा नियम कुणी केला कोण जाणे. देवाला विचारलं असतं तर त्यानंही कानावर हात ठेवले असते. आबा प्रत्येक चरण आधी एकट्यानं, टाळ थांबवून, लांबवून म्हणायचे आणि मग टाळकरी तेच उचलायचे. तिसऱ्या चरणापाशी गाडी हटकून अडायची. वही समोर घेण्याची सोय नव्हती, कारण वहीत बघून म्हणणारा कसला बुवा! मग भाकरी थापता थापता आतून आईचा आवाज यायचा, “आवं, तिसरं चरण!” आणि पाठोपाठ त्या चरणाचा पहिला शब्द. तेवढा मिळाला की आबा असे सुटायचे, जणू मुद्दामच थांबले होते. सगळ्या भजनाला हे ठाऊक होतं. बोलायचं मात्र कुणी नाही.

माझा थोरला भाऊ फौजेत होता. एका सुट्टीला तो कॅन्टीनमधून टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि पुढच्या दोन-तीन सुट्ट्यांत त्यानं भजनाच्या अकरा कॅसेटी भरून पोस्टिंगवर नेल्या. मला एकदा म्हणाला, “आबांचं भजन म्हून लावतो गं, पर खरं तर आयचं ‘आवं’ ऐकायला लावतो.” आई गेली तेव्हा कुणाकडे मोबाईल नव्हते. तिचा फोटो एकच, तोही तोंड घट्ट मिटलेला. तिचा आवाज त्या अकरा कॅसेटींत तेवढा उरला होता. भाऊ गेल्यावर त्या माझ्याकडे सांगलीला आल्या. माझ्या जुन्या टेपरेकॉर्डरनं पहिल्याच कॅसेटीची फीत खाल्ली, तेव्हा घाबरून मी बाकीच्या पिशवीत बांधून ठेवल्या.

अशात आमच्या भागातल्या भक्तिसंगीताचा सांगलीत संग्रह करायचं काही मंडळींच्या मनात आलं. समिती झाली. समिती होण्याआधी लेटरहेड झालं. जुन्या वह्या, जुनी ध्वनिमुद्रणं द्या, आम्ही ती जतन करू, मोबाईलवर ऐकता येतील अशी करून देऊ, असा निरोप फिरला. माझा जीव हरखला. आईचा आवाज फोनवर! मी दहा कॅसेटी आणि भजनाची वही घेऊन स्वतः गेले. अध्यक्षांना स्पष्ट सांगितलं, “मला नक्कल पाहिजे. जशीच्या तशी. एक खोकलासुद्धा गाळायचा नाही.”

“ताई, काळजीच सोडा,” अध्यक्ष म्हणाले. “हा पवित्र ठेवा आहे.”

तिथंच मला संशय यायला हवा होता. आपल्याकडे एखादी वस्तू पवित्र ठरली की तिचा वापर संपलाच म्हणून समजावं.

उद्घाटनाला मी अर्धा तास आधी पोचले. दाराशी काचेचं कपाट, कपाटात मिरजेहून आणलेला नवाकोरा तंबोरा, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. तारा लावलेल्या नव्हत्या. शेजारी आमची वही, खाली पाटी: ‘बुवांच्या स्वहस्ते लिहिलेली’. बुवांच्या! आबांना सही करायची म्हटली तरी घाम फुटायचा. ती वही पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत आईनं लिहिली होती, चौथी शिकलेल्या अक्षरात. मी एका कार्यकर्त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “पाट्या छापून झाल्यात हो ताई.”

तेवढ्यात पूजा सुरू झाली. मला वाटलं फोटोबिटोची असेल. कसलं काय! चौरंगावर माझ्या दहा कॅसेटी मांडलेल्या. गुरुजी मंत्र म्हणताहेत आणि अध्यक्ष सपत्नीक एकेका कॅसेटीला हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर अक्षता आणि फूल लावताहेत. कॅसेटीला जी दोन भोकं असतात त्यांतून तांदूळ आत गेलेले मला चांगले दिसले. मी “अहो, अहो!” करत पुढे जाईपर्यंत नारळ फुटला आणि त्यातलं पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांवर सढळ हातानं शिंपडलं गेलं. मग त्या ओल्या, पिवळ्या-लाल कॅसेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सगळ्यांनी हात जोडले. मी कपाळावर हात मारला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी नमस्कारच केला.

म्हटलं, जाऊ दे, नक्कल तरी झाली असेल.

कार्यक्रमात आबांचा एक अभंग लावला. सगळं स्वच्छ, गुळगुळीत. आबांचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पहिलं चरण झालं, दुसरं झालं, तिसऱ्याशी आबा अडले. मी पदर मुठीत धरला. आता येणार, आता आई येणार.

आलीच नाही. नुसती शांतता. पेटीचा सूरसुद्धा नाही. आणि मग आबा अलगद पुढे.

संगीतात डॉक्टरेट केलेले एक विद्वान उठले. म्हणाले, “तिसऱ्या चरणापूर्वीचा हा विराम ऐकलात? ही या भागातल्या भजनपरंपरेची खूण. इथं बुवा अंतर्मुख होतात. पेटीवालासुद्धा श्वास रोखतो. हे सामूहिक मौन आहे.” लोकांनी माना डोलावल्या. मागं एकजण “वा!” म्हणाला.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या! अंतर्मुख म्हणे. त्या क्षणी आबा भेदरून माजघराकडं बघत असायचे.

ध्वनीचं काम मिरजेच्या एका स्टुडिओवाल्यानं केलं होतं. त्याला मी तिथंच, भर कार्यक्रमात गाठलं. तो अभिमानानं सांगू लागला, “लय खराब होतं ताई रेकॉर्डिंग. दर अभंगात कोण तरी बाई मधीच बोलायची. सगळ्या जागा शोधून शोधून मुक्या केल्या बघा. एक ठेवली न्हाई.”

“मूळ फाईल कुठंय?”

“ती पुसली की. जागा लय खाती.”

ती बाई माझी आई आहे, हे वाक्य तोंडातून निघेना. तशीच अध्यक्षांकडे गेले आणि म्हटलं, कपाट उघडा, माझ्या कॅसेटी परत द्या. त्यांनी दोन्ही हात जोडले. “ताई, आता प्रतिष्ठापना झाली. मांडलेलं हलवता येत नाही.”

तोवर दुसरा अभंग लागला होता. मी परत जागेवर आले, पण बसले नाही. अभंग माझ्या ओळखीचा होता. आईच्या मागं पाट्यावर वाटण वाटताना मीही ते सगळे पाठ केले होते. दुसरं चरण संपलं. ती घाणेरडी शांतता सुरू झाली. आणि मी, निवृत्त शिक्षिका, सांगलीच्या भरल्या सभागृहात, भाकरीच्या परातीवरून ओरडावं तशी ओरडले, “आवं, तिसरं चरण!” आणि त्याचा पहिला शब्द.

आबांनी तो शब्द बिनचूक उचलला.

सभागृहात सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. विद्वान रागानं लाल झाले. पण तिसऱ्या रांगेतले एक म्हातारे, आबांबरोबर मृदंग वाजवायचे ते, काठी टेकत उभे राहिले. गदगदून म्हणाले, “व्हय, आसंच! आसंच व्हतं! वयनींबिगर भजन व्हतंय व्हय कुठं?” कार्यकर्त्यांनी त्यांना पाणी दिलं आणि खाली बसवलं. मला कुणी पाणीही विचारलं नाही.

आठवड्यानं कार्यक्रमाच्या चित्रफितीची लिंक आली. मी आधी ती जागा काढून बघितली. मी तोंड उघडते, आवाज नाही. म्हातारे उठतात, आवाज नाही. मग आबा सुरू होतात. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘काय तो विराम!’

कपाट अजून कुलपात आहे. मी दर पंधरा दिवसांनी अर्ज देते. त्यांची पोच मिळते, छान छापील. घरात मी समितीनं पाठवलेले ते अभंग ओट्यावर फोन ठेवून लावते. हात पिठात असतात. तिसऱ्या चरणाशी आबा थांबले की मी सांगते, आणि ते उचलतात. माझा आवाज आईसारखाच आहे म्हणतात. आबांना फरक कळत नाही. मला कळतो.