शेवट पटत नाही

पाटोदेकर सर गेल्याचं त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं मला फोनवर सांगितलं. मी हर्सूलला भाजी घेत उभी होते. "बाई, शोकसभा ठेवलीय, तुम्ही दोन शब्द बोलाल ना? सर तुमचं नाव नेहमी घ्यायचे." मी नाही म्हटलं. मला भरून आलं असेल असं त्याला वाटलं. तसं काही नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग बोलायचं तरी कधी? हयातीत मी बोलले होते, त्याचा काही उपयोग झाला नव्हता... सभेतली भाषणं नंतर वर्तमानपत्रात वाचली. सगळ्यांनी त्यांना कथेचे मर्मज्ञ म्हटलं होतं. ते होतेच. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे.

सर निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले. घर भिक्षुकाचं, पण शाळेत मराठीला जागा नव्हती. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी ती एकेक शब्द वेचून कमावली आणि मग तिच्यावर पहारा बसवला. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, संघर्ष... हे शब्द ते सोवळ्यात उच्चारत. कुणाच्या तोंडून 'लई' निघालं की शिकवणं थांबवून खिडकीबाहेर बघत राहत. ज्या बोलीत त्यांची आई त्यांच्याशी बोलली असणार, तिचीच त्यांना शिसारी होती. सोयगावहून शहरातल्या कॉलेजात आलेल्या माझ्यासारखीला त्यांच्या तासाला हजेरी देतानाही जीभ सांभाळावी लागे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हाला एक कथा लिहायला सांगितली. माझी थोरली बहीण, अक्का, त्याआधी दोन-तीन वर्षं सासरच्या विहिरीत गेली होती. तिचा लहानगा सुभाष आमच्या घरी आला. 'पाय घसरला' एवढंच घरात बोललं जाई, पुढं कुणी विचारत नसे. पण आम्ही तिथं पोचलो तेव्हा मी पाहिलं होतं: भरलेली घागर विहिरीपासून चार हात लांब होती आणि तिच्या तोंडावर डोईची चुंबळ नीट ठेवलेली होती. मी तेवढंच लिहिलं. बाई पाणी शेंदते, घागर भरते, बाजूला नेऊन ठेवते, वर चुंबळ ठेवते आणि उडी घेते. कारण लिहिलं नाही, कारण ते मला ठाऊकच नव्हतं.

सरांनी कथा भर वर्गात वाचली आणि वही मिटली. "वातावरण आहे. निवेदनही बरं आहे. पण शेवट पटत नाही. ही बाई उडी का घेते?" उत्तराची वाट न पाहता ते पुढं म्हणाले, "पात्राच्या कृतीला कारण लागतं. लेखिकेला कंटाळा आला म्हणून पात्र मरत नसतं." वर्ग हसला. मी उठले आणि म्हणाले, "सर, ती माझी बहीण व्हती."

हसणं थांबलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"होती," ते म्हणाले. "आणि घडलं म्हणून ते कथेत पटतंच असं नाही. बसा."

ती वही त्यांनी परत दिली नाही. त्या 'होती'साठी मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही. पण एक कबूल करते, तो प्रश्न आमच्या घरात कुणी कधीच विचारला नसता. त्या दिवाळीला गावी गेले तेव्हा माय करंज्या लाटत होती. मी विचारलं, "माय, अक्का का गेली?" लाटणं थांबलं.

"आली व्हती ती, पोराला घिऊन. म्हणली, मला आता तिकडं धाडू नका."

मी तेव्हा शिकायला मामाकडं होते, तिथूनच परस्पर विहिरीवर पोचले होते. मला यातलं काही माहीत नव्हतं. "मग?"

"तुझ्या बापानं दुसऱ्या दिशी पहिल्या यष्टीनं नेऊन घातली. भाकरी म्याच बांधून दिली व्हती... चौथ्या दिशी सांगावा आला." तिनं डोळे पुसले नाहीत. "पोराला सांगू नको. मी जित्ती हाये तवर तरी नको."

मी शब्द दिला. त्यानंतर मी कथा लिहिली नाही. शहरातच शाळेत नोकरी धरली. पुढं सुभाष कॉलेजसाठी माझ्याकडं राहायला आला आणि सरांच्याच वर्गात बसू लागला. कथेच्या घटकांवरचं सरांचं पुस्तक तोवर अभ्यासाला लागलं होतं. एका संध्याकाळी तो मोठ्यानं वाचत होता. "मावशी, ऐक ना. असंभाव्य शेवटाचं उदाहरण. सासुरवाशीण घागर भरते, वर चुंबळ ठेवते आणि काही कारण नसताना विहिरीत उडी घेते." तो हसला. "उगंच मरती बघ ही बाई."

मी त्याला जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यात सरांच्या घरी गेले. "सर, ते उदाहरण काढा."

"कुणाचं नाव घातलेलं नाही."

"तिचा मुलगा तुमच्या वर्गात बसतो. सुभाष."

त्यांनी चष्मा काढला. "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग त्याला त्रास कसला?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. अक्काचं परत येणं, पहिली एसटी, मायनं बांधलेली भाकरी. सर मन लावून ऐकत होते, इतकं की मला वाटलं, आता हा माणूस विरघळला. माझं संपल्यावर ते म्हणाले, "हे कथेत हवं होतं. आता लिहा."

"माय जिवंत आहे, सर."

"मग माझं उदाहरण चुकलं कुठं?"

पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली. उदाहरण जागच्या जागी होतं. मी त्यांच्या दारात पुन्हा गेले नाही.

माय दोन वर्षांपूर्वी गेली. तरीही माझा धीर होत नव्हता. सर गेल्यावर मात्र एका रविवारी मी फर्दापूरला गेले. सुभाष तिथं मास्तर आहे, आता निवृत्तीला आलेला. त्याला सगळं सांगितलं.  तो उठला, माळ्यावरून एक ट्रंक काढली आणि तळाशी हात घालून कॉलेजची एक जुनी वही वर काढली. 'असंभाव्य शेवट: सोदाहरण स्पष्ट करा.' खाली त्याच्या गोल अक्षरात विहीर, घागर, चुंबळ, सगळं ओळीनं लिहिलेलं. समासात लाल शाईत सरांची अक्षरं होती. उर्दूच्या वळणामुळं त्यांची देवनागरी शेवटपर्यंत डावीकडं झुकलेलीच राहिली. 'उदाहरण समर्पक. दहापैकी नऊ.' त्याखाली सही आणि तारीख.

ती तारीख मी दोनदा वाचली. मी त्यांच्या घरी जाऊन आले, त्याच्या पुढच्या आठवड्यातली होती.

"सरांना तवा माहीत व्हतं?" सुभाषनं विचारलं.

मी हो म्हणाले. त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली. "तू घिऊन जा मावशी. मला ही घरात नको."

ती आता माझ्या कपाटात आहे. सरांचं माझ्याकडं असलेलं एवढंच हस्ताक्षर.