एक नंबरचं काडतूस

बार झाला आणि कुंपणापलीकडच्या पत्र्यांवर खडखड आवाज आला. आमच्या रेंजवरचा छर्रा तिथवर पोचतच नाही.

"थांबा! बंदुका उघडा, काडतुसं बाहेर!" मी ओरडले.

सुरतेबाहेर इच्छापोरजवळच्या या रेंजवर मी कोच आणि सेफ्टी ऑफिसर आहे. इथे बारा बोरच्या बंदुकीने मातीच्या उडत्या तबकड्या फोडतात. या बंदुकीतून गोळी नाही, छर्ऱ्यांचा घोळका सुटतो. नळी टोकाला किंचित अरुंद असते, त्याला चोक म्हणतात, तो बदलता येतो. चोक घट्ट असला की घोळका लांबवर एकत्र राहतो, सैल असला की लवकर पसरतो. पूर्वी शिकारीला बंदी नव्हती तेव्हा लावरीसारख्या छोट्या पक्ष्यासाठी सैल चोक आणि बारीक छर्रा वापरत, बदकासाठी घट्ट चोक आणि जाड छर्रा. पण छर्रा किती लांब जाणार हे चोक ठरवत नाही, त्याचं वजन ठरवतं. म्हणून रेंजवर फक्त बारीक छर्रा चालतो. आमची हद्दच त्या हिशोबाने आखलेली आहे.

बार प्रकाशशेठनी काढला होता. सुरतेच्या पांडेसऱ्यात यार्नचा, म्हणजे कापडाच्या धाग्याचा, मोठा धंदा, मूळचे धुळ्याचे. मी दुसऱ्या नेमबाजाचा चोक बदलत होते, तेवढ्यात त्यांनी खिशातलं काडतूस भरलं.

"कुठलं होतं हे?"

"गावाकडचं, मॅडम. शेतात रानडुकरं येतात ना, त्या परवान्यावरचं. पण सगळ्यात बारीक आणलं मी. एक नंबर."

"शेठ, एक नंबर जाड असतो. आकडा वाढला की छर्रा बारीक होतो."

"असं कसं? आमच्या धाग्याच्या मापात दीडशे डेनियर पन्नासपेक्षा जाडच असतो! आयुष्य गेलं माझं त्यात."

"हा धागा नाही, शिसं आहे."

त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाका आल्या, बाईला लागलं म्हणून.

आम्ही धावलो. कामगारांच्या खोल्यांसमोर रेखाबाई डोळा धरून बसल्या होत्या. मांडीवर साडी, शेजारी खड्यांची वाटी उपडी झालेली. साड्यांवर खडे चिकटवायचं काम त्या घरी करतात. बोटांमधून रक्त येत होतं. इतक्या वर्षांत रेंजवर कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

"मॅडम, डोळा जाईन का हो? मग खडे कशाने लावू?"

मी डोळ्याला हात लावू दिला नाही. कागदी कप पालथा ठेवून वरून पट्टी बांधली. डोळ्याला मार लागला की तो दाबायचा नसतो. पोलिसांना फोन मीच केला. शेठनी गाडी काढली.

छर्रा पापणीच्या वरच्या हाडावर लागला होता. उडण्याचा जोर संपत आलेला, म्हणून कातडीच फाटली. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, बुबुळाला काही झालेलं नाही. शेठ तिथेच बाकावर बसले आणि रुमालात तोंड घालून रडले.

रेखाबाई टाके घालून घेऊन बाहेर आल्या. "कसला होता हो तो दाणा?"

"एक नंबर," शेठ पुटपुटले.

"एक नंबर? माझं डोकं फुटलं आन् तुम्ही तारीफ करता का त्याची?"

नर्स हसली. मला हसू आलं नाही.

पोलिसांनी शेठची बंदूक जमा करून घेतली. आम्ही त्यांचं सभासदत्व रद्द केलं. ते रागावले नाहीत.

आता बाहेरचं काडतूस रेंजवर आणायला बंदी आहे, येताना प्रत्येकाचे खिसे तपासले जातात. नव्या माणसाला मी नंबर शिकवत नाही. आमचं एक काडतूस त्याच्यासमोर कापते, छर्रा तळहातावर ओतते आणि सांगते, यापेक्षा जाड छर्ऱ्याचं काडतूस बंदुकीत घालायचं नाही, शंका आली तर आधी मला विचारायचं. दर वेळी एक काडतूस वाया जातं. जाऊ दे.